राजीनाम्याच्या आधी शिकता यावं : कला संचालक आणि कला महाविद्यालयांना खुलं पत्र

मा. कला संचालक, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातल्या शासकीय आणि खासगी कला महाविद्यालयांचे अधिष्ठाता, प्राचार्य आणि अध्यापक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची. उमेदीची सगळी वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलं. पन्नाशी ओलांडल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता चित्रं काढते. माझ्यासारखी माणसं आज प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कुणी बँकेत आहे, कुणी एसटीच्या आगारात, कुणी शाळेत गणित शिकवतं, कुणी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली असते. पुढे घरच्या गरजेने पेन्सिल सुटते आणि चाळिशी-पन्नाशीत ती पुन्हा हातात येते. तेव्हा यांना छंद नको असतो, चित्रकला शिकायची असते. आणि नेमकं तेव्हा, त्यांच्या गावात, त्यांना वेळ असेल त्या वेळी, चित्रकला नीट शिकवणारी एकही सार्वजनिक जागा उघडी नसते.

हे पत्र त्या जागेसाठी आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट करते. नोकरी सोडून कलेकडे वळलेल्या माणसांच्या ज्या कहाण्या वर्तमानपत्रांत छापून येतात, त्यांच्या मी विरोधात आहे. त्यांत राजीनामा आधी येतो आणि शिकणं नंतर. वाचणाऱ्याला वाटतं की एकदा धाडस केलं की पुढचं सगळं आपोआप होईल. मी ज्यांना ओळखते त्यांच्या बाबतीत तसं झालेलं नाही. पगार थांबला की पहिल्या सहा महिन्यांत घरातलं वातावरण बदलतं. मुलांचं शिक्षण, सासू-सासऱ्यांची औषधं, घराचा हप्ता हे सगळं त्या कॅनव्हासकडे बघत उभं राहतं. आणि माणसाला कळतं की आपल्याला अजून उभा माणूस काढता येत नाही. मग तो परत कामाला लागतो आणि चित्रकलेचं नाव काढत नाही. त्याच्यात कमी होती म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. क्रम उलटा होता. आधी दोन-तीन वर्षं नोकरी करता करता शिकता आलं असतं, तर राजीनामा द्यायचा की नाही हे त्याने स्वतःचं काम बघून ठरवलं असतं.

आज तुमची व्यवस्था हा क्रम उलटाच करायला लावते. चित्रकलेचं पदवी शिक्षण म्हणजे बारावीनंतर सीईटी, मग चार वर्षं, दिवसभर. शासकीय कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात चित्रकलेची परंपरा मोठी, पण इथली महाविद्यालयं खासगी संस्थांची, आणि तीही दिवसाच भरणारी. मी नोकरीत असताना एका महाविद्यालयात चौकशीला गेले होते. तिथल्या माणसांनी नीट बसवून घेतलं, चहा दिला, माझी वही बघितली. ‘मॅडम, वर्ग सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तुम्ही रिटायर झालात की या,’ असं सांगितलं. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतंच, कारण संध्याकाळच्या वर्गाला ना मान्यता ना पगार. पण वॉर्डमध्ये ड्युटी बदलत असते, आज मॉर्निंग तर पुढच्या आठवड्यात नाइट. अशा बाईला त्या उत्तराचा अर्थ एवढाच होता की आधी नोकरी सोड.

महाराष्ट्रात उशिरा पूर्णवेळ कलेकडे वळलेल्या माणसांची नावं निघाली की पहिल्यांदा डॉक्टरांचीच नावं येतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, आफ्रिकेत काम करून परतले आणि 1969 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पूर्णवेळ रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी त्यांचा नटसम्राट उभा राहिला. सुधीर पटवर्धन पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, 1975 पासून 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत राहिले, आणि मग पूर्णवेळ चित्रकार झाले. गीव्ह पटेल मुंबई सेंट्रलला दवाखाना चालवत आणि चित्रं काढत, कविता लिहीत. मी आयुष्यभर डॉक्टरांबरोबर काम केलं, त्यामुळे या तिघांबद्दल मला जवळीक वाटते. पटवर्धनांच्या चित्रातला माणूस इराण्याच्या हॉटेलात बसलेला असो नाहीतर लोकलमध्ये उभा, त्याच्या शरीराचं वजन खरं असतं. ते वजन ओपीडीच्या रांगेत आम्ही रोज बघितलेलं आहे.

पण या तिघांकडे नीट बघितलं तर दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे यातलं कुणीही उशिरा सुरुवात केलेली नाही. उशिरा ते फक्त पूर्णवेळ झाले. लागू विद्यार्थी असल्यापासून नाटक करत होते आणि पुण्यात पीडीएसारखी (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) नाट्यसंस्था त्यांच्या सोबतीला होती. पटवर्धनांनी रेडिओलॉजी करता करता तीस वर्षं रोज चित्रकार म्हणून काम केलं, आणि त्यांच्या भोवती मुंबई-बडोद्याचे समवयस्क चित्रकार होते, वाद घालणारे, एकमेकांचं काम बघणारे. टागोरांचं उदाहरण तर आम्हाला प्रत्येक सत्कारात दिलं जातं, की त्यांनी साठीत चित्रकला सुरू केली आणि 1930 मध्ये पॅरिसला प्रदर्शन केलं. ते खरं आहे. पण त्यांच्या घरात अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे चित्रकार होते, आणि शांतिनिकेतनात 1919 पासून कलाभवन चालू होतं, तिथे नंदलाल बोस शिकवत होते. एकटं बसून कुणी चित्रकार झालेलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. आमच्या क्षेत्रातून डॉक्टर चित्रकार झाले, नट झाले. परिचारिका का नाही झाल्या? लॅब टेक्निशियन, वॉर्डबॉय, कंपाउंडर का नाही झाले? बघायला आम्हालाही तेवढंच मिळालं होतं. रात्री तीन वाजता झोपलेल्या माणसाचा हात गादीवरून कसा लोंबतो, हे परिचारिकेएवढं कुणी बघितलेलं नसेल. मला वाटतं उत्तर साधं आहे. खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला आपला वेळ बराचसा आपण ठरवता येतो, आम्हाला ड्युटी लागते. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला सोबत मिळते, आम्हाला नाही. म्हणजे कामधंदा सांभाळून कलावंत होण्याची वाट या राज्यात आहे, पण ती ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्याच्यासाठी. बाकीच्यांसाठी ती सार्वजनिक संस्थांनीच करून द्यावी लागेल.

आणि हे या राज्याला नवीन नाही. दिवसा गिरणीत राबणाऱ्यांसाठी मुंबईत रात्रशाळा निघाल्या. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. माझ्या कितीतरी सहकारी परिचारिका तिथून पदवीधर झाल्या, मुलांना झोपवून अभ्यास करून. आणि सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे हौशी नाट्य स्पर्धा. गेली साठहून अधिक वर्षं सरकार ही स्पर्धा घेतं. आमची सांगली म्हणजे विष्णुदास भाव्यांचं गाव, 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं ते इथे. इथले कारकून, प्राध्यापक, वीज मंडळातले वायरमन दिवसभर काम करतात, संध्याकाळी सातला तालमीला येतात आणि स्पर्धेत उतरतात. परीक्षक येतात, गुण देतात, कुणाला पहिला क्रमांक मिळतो, कुणाला काहीच मिळत नाही. महाराष्ट्रातले किती नट, दिग्दर्शक, नेपथ्यकार या स्पर्धेतून वर आले! त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही कुठल्या महाविद्यालयातून आलात, वय काय. नोकरी करणाऱ्या माणसाला सरकारने नाटकात गंभीरपणे उभं राहू दिलं. मग चित्र-शिल्पकलेत तेच का होऊ नये?

आता छंदवर्गांबद्दल लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणी म्हणेल की प्रौढांसाठी ते आहेतच. आहेत, आणि त्यांचा मला राग नाही. तिथे माणसांना आनंद मिळतो, घराबाहेर पडायला कारण मिळतं. पण तिथे शिकवणं फार कमी होतं. मोबाइलवर एक फोटो देतात, तो बघून सगळ्यांनी तेच निसर्गचित्र काढायचं. शेवटी हॉल घेऊन प्रदर्शन, नगरसेवकांच्या हस्ते उद्घाटन, शाल, श्रीफळ. ‘या वयात इतकं सुंदर!’ हे वाक्य तर प्रत्येकाच्या वाट्याला येतं. या वाक्याने आमचं फार नुकसान केलं आहे. ‘या वयात’ म्हटलं की चित्राकडे कुणी बघतच नाही, वयाकडे बघतात. अठरा वर्षांच्या मुलाच्या चित्रातला हात चुकला तर त्याला सांगितलं जातं. साठ वर्षांच्या बाईच्या चित्रातला हात चुकला तर तिला फूल दिलं जातं.

मला खरं शिकवलं ते एका निवृत्त कलाशिक्षकांनी. ते माझ्याच वॉर्डमध्ये हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल होते. नाइट ड्युटीत माझी वही त्यांनी मागून घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, ‘सिस्टर, हा माणूस उभा नाही, टांगलेला आहे.’ मग त्यांनी समजावलं. माणूस एका पायावर भार देऊन उभा असला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर येतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. मानेच्या पुढच्या खळग्यातून ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ पडला पाहिजे. माझ्या चित्रात तो दोन पायांच्या मधोमध हवेत पडत होता. मला पेल्व्हिस पाठ होता, क्लॅव्हिकल पाठ होतं, सगळ्या हाडांची नावं येत होती, पण त्यांच्यावर भार कसा फिरतो ते मी कधी बघितलेलं नव्हतं. डिस्चार्जनंतर त्यांच्या घरी मी जात राहिले. ते कधी चांगलं म्हणाले नाहीत. ‘हे बरं आहे, आता पुढचं’ एवढंच. बोर्डपासून हातभर लांब उभं राहायचं, मनगटाने नाही तर खांद्यातून रेघ ओढायची, बाह्यरेषेच्या आधी आतला कल पकडायचा, दोन मिनिटांची पोझ, मग पाच मिनिटांची, मग तासाची. हे सगळं त्यांच्याकडे झालं. त्यांच्या खोलीत मॉडेल नव्हतं, त्यामुळे त्यांचा नातू उभा राहायचा, तो कंटाळला की सर स्वतः.

हे असं शिकवणं तुमच्या प्रत्येक महाविद्यालयात रोज होतं. ते मिळवण्यासाठी माणसाला योगायोगाने हर्नियाचा पेशंट भेटावा लागू नये.

छापील पुस्तकावरून इतिहास शिकता येतो, कायदा शिकता येतो. चित्रकला आणि शिल्पकला तशी शिकता येत नाही, म्हणून मुक्त विद्यापीठ इथे अर्धंच उपयोगी पडेल. जिवंत मॉडेल लागतं. उत्तरेचा उजेड असलेली खोली लागते. एचिंगचा, म्हणजे ॲसिडने कोरलेल्या पत्र्यावरून चित्र छापायचा, प्रेस लागतो, आणि ॲसिडचं पात्र हाताळायला शिकवणारा माणूस लागतो. लिथोचे, म्हणजे ज्यांवर काढून चित्र छापतात ते, दगड लागतात, जे आता नव्याने मिळणं कठीण आहे आणि जुन्या संस्थांतच उरले आहेत. मातीकामाला आर्मेचर (आतला सांगाडा), प्लास्टर, भट्टी. हे कुठलाही माणूस घरी करू शकत नाही, अगदी पैसेवालाही नाही. ही सगळी सामग्री जनतेच्या पैशातून तुमच्याकडे आलेली आहे, आणि संध्याकाळी कुलपात असते.

माझी मागणी अशी. प्रत्येक शासकीय कला महाविद्यालयात संध्याकाळचा अभ्यासक्रम सुरू करावा. दोन वर्षांचा, आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि रविवारी पूर्ण दिवस. पहिलं वर्ष फक्त ड्रॉइंग : वस्तुचित्र, लाइफ (जिवंत मॉडेलवरून), ॲनाटॉमी, पर्स्पेक्टिव्ह. दुसऱ्या वर्षी रंग, मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग) किंवा मातीकाम यांपैकी एक. प्रवेश वयावर नको, बारावीच्या गुणांवर नको, कामाची वही बघून आणि समोर बसवून काढून घेतलेल्या ड्रॉइंगवर द्यावा. वर्षाअखेर ज्युरी असावी, आणि ज्याचं काम पुढे सरकलेलं नाही त्याला पुढच्या वर्षात घेऊ नये. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आम्हाला सवलतीचे गुण नकोत. ज्येष्ठ नागरिक म्हणून कुणी पास करणार असेल तर तो वर्ग न काढलेला बरा.

शासकीय महाविद्यालयं तीनच शहरांत आहेत, तेव्हा बाकी जिल्ह्यांत ज्या खासगी महाविद्यालयांना हे करायची इच्छा आहे त्यांना मान्यता आणि थोडं अनुदान द्यावं. कोल्हापूरला हे उद्या सुरू होऊ शकतं. बाबुराव पेंटर कुठल्याही कला महाविद्यालयात शिकलेले नव्हते. वडिलांच्या हाताखाली, कारागिरांत आणि नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत ते शिकले आणि पुढे चित्र, शिल्प आणि सिनेमा तिन्हीत त्यांनी काम केलं. चंद्रकांत मांडरे सिनेमात नायक म्हणून गाजले आणि आयुष्यभर चित्रं काढत राहिले. त्यांच्या निसर्गचित्रांचं संग्रहालय आज राजारामपुरीत आहे. एकाच माणसाने दोन कामं करावीत हे त्या गावाला परकं नाही.

वेळेचं एक सांगते, कारण कागदावर हे सुटतं. वर्ग साडेआठला संपायला हवा. नऊपर्यंत गेला तर आसपासच्या गावांतून येणाऱ्या बायकांची शेवटची बस चुकेल आणि पहिल्या महिन्यातच निम्म्या बायका गळतील. मग कुणीतरी लिहील की महिलांचा प्रतिसाद मिळाला नाही. पन्नाशीतल्या बाईला घरातून तीन संध्याकाळी बाहेर पडायची परवानगी मिळवणं हेच एक काम असतं. ‘क्लासला जाते’ म्हटलं तर ते रद्द होऊ शकतं, पाहुणे आले की पहिल्यांदा तेच रद्द होतं. ‘कॉलेजला जाते, हजेरी आहे, परीक्षा आहे’ म्हटलं तर घरचे ऐकतात. मान्यता असलेल्या कागदाचा हा उपयोग दिल्ली-मुंबईत बसून लक्षात येणार नाही. आम्हाला त्या प्रमाणपत्रावर नोकरी मागायची नाही. त्या प्रमाणपत्रामुळे आमची संध्याकाळ आमची राहते.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. शासकीय कला महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, कंत्राटी शिक्षकांवर काम चालतं. जो शिक्षक दिवसा तीन माणसांचं काम करतो त्याला संध्याकाळीही थांबवा असं मी म्हणणार नाही. पण बाहेर बघा. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेली किती मुलं-मुली काम शोधत आहेत! शाळांत कलाशिक्षकांच्या जागा भरत नाहीत, म्हणून ती गणपतीच्या सीझनला मूर्ती रंगवतात, लग्नाचे बॅनर करतात. दुसरीकडे निवृत्त झालेले अध्यापक घरी बसून आहेत. संध्याकाळचे वर्ग या दोघांनी मिळून चालवावेत, त्यांना तासाचं योग्य मानधन मिळावं. मॉडेल म्हणून तासन्‌तास न हलता बसणाऱ्या माणसांनाही. त्यांच्याशिवाय लाइफ ड्रॉइंग होत नाही, आणि त्यांचं मानधन ठरवताना कुणी त्यांना विचारत नाही. फी घ्या. नोकरीतला माणूस फी देऊ शकतो. ज्याचं उत्पन्न कमी आहे त्याला माफ करा.

तरुण विद्यार्थ्यांच्या जागा आम्ही खाऊ, ही शंका मी ऐकली आहे. आम्हाला त्यांची जागा नकोच, रिकामे तास हवेत. तरीही एक इच्छा आहे. महिन्यातून एकदा दिवसाचे आणि संध्याकाळचे विद्यार्थी यांची कामं एका भिंतीवर लागावीत आणि एकत्र चर्चा व्हावी. विशीतल्या मुलाची रेघ मोकळी असते, ती आम्हाला बघायला हवी. आणि त्या मुलालाही कळेल की माणसाच्या तळहाताला पन्नाशीपर्यंत काय काय झालेलं असतं.

पैशाच्या मदतीबद्दलही बोलायला हवं. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना बघा. तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयासाठी आहे. त्यानंतर कनिष्ठ फेलोशिप 25 ते 40 साठी, आणि 40 च्या पुढे वरिष्ठ फेलोशिप, ती आपल्या क्षेत्रात आधीच मोठं काम केलेल्या माणसासाठी. राज्याची वृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, तिलाही मागची कलासेवा दाखवावी लागते. हे सगळं योग्यच आहे, त्या योजना तशाच राहाव्यात. पण पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करणारा माणूस या रचनेत कुठेच बसत नाही. विद्यार्थी म्हणावं तर वय गेलेलं, ज्येष्ठ म्हणावं तर मागे काम नाही. राज्याने चाळिशीपुढच्या नवशिक्यांसाठी थोड्याशा शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, वर्षभराच्या, साहित्य आणि प्रवासखर्चापुरत्या. संध्याकाळच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष ज्युरीतून पार केलेल्यांनाच त्या मिळाव्यात, म्हणजे पैसे कामावर जातील.

महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. तिथे विद्यार्थी विभाग आहे आणि व्यावसायिक कलावंतांचा विभाग आहे. आमच्यासाठी तिसरा विभाग काढू नका. काम तयार झालं की आम्ही व्यावसायिकांच्या विभागात पाठवू आणि नाकारलं गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवू.

अजून एक मागणी, बिनखर्चाची. आमच्या भागात मूळ चित्रं बघायला मिळणं कठीण. पण औंधचं श्रीभवानी संग्रहालय आहे. 1938 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी डोंगरावर बांधलेलं. ते स्वतः चित्रकार होते. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं ‘आई आणि मूल’ आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. छापील चित्रात जे कधी कळत नाही ते मूळ चित्रासमोर कळतं. रंग कुठे पातळ ठेवला आहे, कुठे खरवडला आहे, कुठली कड मुद्दाम सोडून दिली आहे. आबालालने रंगवलेल्या कोटितीर्थ तलावाच्या पाण्यासमोर मी उभी राहिले तेव्हा वाटलं, इथे रोज येऊन बसता आलं पाहिजे. कला संचालनालयाने पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय विभागाशी बोलून एवढं करावं : आठवड्यातला एक ठरलेला दिवस, बोर्ड आणि पेन्सिल घेऊन, चित्रासमोर बसून नक्कल करायला परवानगी. एक शिक्षक बरोबर. जुन्या चित्रांची नक्कल करणं हा चित्रकला शिकण्याचा फार जुना मार्ग आहे. 2008 मध्ये सुधीर पटवर्धनांनी समकालीन चित्रकारांची मूळ कामं घेऊन ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत नेलं होतं. एका चित्रकाराने पुढाकार घेतला तर हे होतं. संचालनालयाने घेतला तर दरवर्षी होईल.

वेळही योग्य आहे. सर ज. जी. कला महाविद्यालय 1857 मध्ये सुरू झालं आणि 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा भाग झालं. आता तिथे नवे अभ्यासक्रम आखायचं स्वातंत्र्य आधीपेक्षा जास्त आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षण मध्येच सोडून पुन्हा येण्याची मुभा आहे, श्रेयांक (क्रेडिट) साठवण्याची सोय आहे, आयुष्यभर शिकण्याचा उल्लेख आहे. मग संध्याकाळच्या अभ्यासक्रमातले श्रेयांक साठावेत, आणि कुणाला पुढे पदवी करायची असेल तर ती तिथून पुढे करता यावी. धोरणातली ही तरतूद कला शिक्षणात कुणासाठी असेल तर ती आमच्यासाठी.

ज्यांना हे पत्र लिहिलेलं नाही पण जे ते वाचतील, त्या नोकरीतल्या माझ्या भावाबहिणींना एवढंच सांगते : एवढ्यात राजीनामा देऊ नका. वीस वर्षांची सेवा झाली की स्वेच्छानिवृत्ती मिळते हे सरकारी नोकरीतल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि ते पाठ करून आपण दिवस मोजतो. त्यापेक्षा आज रात्री घरातल्या झोपलेल्या माणसाचा हात काढा. उद्या पुन्हा तोच हात. आणि तुमच्या जिल्ह्यातल्या कला महाविद्यालयाच्या प्राचार्यांना जाऊन भेटा, संध्याकाळच्या वर्गासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मागणी कागदावर दिसली तरच ती मोजली जाते.

महोदय, सगळं एकदम होणार नाही हे मला समजतं. या जूनपासून एका महाविद्यालयात, एक खोली, एक शिक्षक, एक मॉडेल आणि वीस विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात करा. बोर्ड, कागद, चारकोल आम्ही आमचा आणू. निवडीची परीक्षा कडक ठेवा. मी अर्ज करेन. निवड झाली नाही तर काय कमी पडलं ते मला लेखी कळवावं, एवढी विनंती आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
मिरज, जि. सांगली